वाचनाची कीर्द आणि खतावणी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनाच्या प्रसंगी दिलेले व्याख्यान. काही सभासद बंधूंच्या आग्रहावरून किरकोळ फेरफार करून येथे छापण्यास दिले आहे.)



आजच्या या समारंभात दोन शब्द बोलण्यासाठी मंडळाने माझी निवड केली, याबद्दल मी चालकांचा अत्यंत ऋणी आहे. या व्यासपीठावरून आजवर डॉक्टर, वकील, इंजिनियर अशा विद्वान मंडळींनी आपणास उपदेश केला आहे. मी त्यांच्या पंक्तीला बसणारा नव्हे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, १९७६ साली प्राथमिक शाळेत शिक्षक म्हणून रुजू झालेला आणि एकोणचाळीस वर्षे खडू-फळ्याशी संबंध ठेवून निवृत्त झालेला एक सामान्य गुरुजी आहे. कॉलेजची पायरी चढण्याचा योग आला नाही. जे काही चार शब्द कळले ते वाचनाने कळले. आणि त्यातले जे काही टिकले ते टिपणाने टिकले. म्हणून वाचलेले जतन कसे करावे, हाच विषय मी आज निवडला आहे. विषय लहान आहे, पण त्याच्याशी आपल्या सर्वांच्या घरांचे हित निगडित आहे, हे शेवटी आपल्या ध्यानात येईल अशी मला आशा आहे.

प्रथम एक घडलेली हकीकत सांगतो. आमच्या गावी आपल्या ज्ञातीतील एक वडीलधारे गृहस्थ होते. पोस्ट खात्यात कारकुनी करून ते निवृत्त झाले होते. त्यांचे नाव मी घेत नाही, कारण त्यांचे चिरंजीव येथे येऊन-जाऊन असतात आणि या गोष्टीत त्यांचा काही दोष नाही. या गृहस्थांना वाचनाचा आणि टिपून ठेवण्याचा विलक्षण नाद. गावच्या वाचनालयातले पुस्तक असो, कोणाच्या लग्नात भेटलेला म्हातारा असो, की आपल्या मंडळाची जुनी स्मरणिका असो, त्यांच्या खिशातून पेन्सिल बाहेर आलीच. आपल्या ज्ञातीतील घराणी कोणत्या गावाहून कोठे आली, पहिली मॅट्रिक झालेली मुलगी कोणाची, वसतिगृहाच्या पहिल्या खोलीस विटा कोणी दिल्या आणि वाहतूक कोणी फुकट केली, हे सारे त्यांच्या वह्यांत होते. मी त्यांना दोन-तीनदा म्हटले, "काका, एकदा निवांत बसून हे सारे मला सांगा." ते म्हणत, "अहो गुरुजी, वह्या कोठे पळून जातात काय?"

२००७ सालच्या पावसाळ्यात ते वारले. मी त्या वेळी परगावी होतो. तेराव्या दिवशी भेटावयास गेलो आणि बोलता बोलता वह्यांची चौकशी केली. थोरले चिरंजीव खाली मान घालून म्हणाले, "गुरुजी, घर आवरताना परवाच रद्दीत दिल्या. चौदा वह्या होत्या. आम्हाला वाटले, जुने हिशेब असतील." मी रद्दीवाल्याकडे धावलो. गाडी आदल्या दिवशीच भरून गेली होती.

त्या दिवशी मला त्या मुलांचा राग आला, हे मी प्रांजळपणे कबूल करतो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर विचार केला, की राग कोणावर करावा? त्या वह्यांवर नाव नव्हते. आत विषयवारी नव्हती. अक्षर लागत नव्हते आणि निम्मा मजकूर त्यांनी स्वतःपुरत्या खुणांनी लिहिलेला होता. मुलांनी चार पाने चाळली असतील. त्यांना एक ओळ लागली नसेल. मग त्यांनी काय करावयाचे? आणि त्याच वेळी मला आठवले, की माझ्या स्वतःच्या कपाटात अशाच एकोणीस वह्या पडून आहेत. त्याही तशाच बेनावाच्या आणि बेवारस. मी डोळे मिटले तर त्यांची वाट तीच. दुसऱ्या दिवसापासून मी त्या वह्या मांडावयास बसलो. त्या खटाटोपात जे शिकलो तेच आज आपणापुढे ठेवतो.

टिपण ठेवण्याची विद्या आपल्याला परकी नाही. समर्थ रामदासस्वामींच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा असाव्यात, हे तर त्यात आहेच. पण कागदाच्या चारी बाजूंस मोकळी जागा सोडावी, म्हणजे कालांतराने कडा झडल्या तरी अक्षर जाणार नाही, इतका बारीक विचार त्यांनी केला आहे. आपण मरून गेल्यावर हा कागद कोणाच्या तरी हाती पडेल, ही दृष्टी त्यामागे आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे उदाहरण तर सर्वश्रुत आहे. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला आणि पुढे खंडांची संख्या बावीसपर्यंत गेली. गावोगाव पायपीट करून, माळ्यावर धूळ खात पडलेली दप्तरे सोडवून त्यांनी ती संपदा जमा केली. १९२६ साली धुळे येथे त्यांचा अंत झाला. पण ज्यांनी ते कागद शेकडो वर्षे रुमालात बांधून ठेवले, त्या अनाम घरांचेही उपकार मोठे आहेत. त्यांनी बांधून ठेवले म्हणून राजवाड्यांना सापडले.

आता टिपणे ठेवण्याची पद्धत. येथे मी एक घरगुती दृष्टांत घेतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या वडिलांची अथवा आजोबांची लहानमोठी दुकाने होती. माझ्या वडिलांचे किराणा मालाचे लहानसे दुकान होते. त्यांच्या बैठकीपाशी लाल कापडाच्या दोन वह्या असत. एक कीर्द आणि दुसरी खतावणी. दिवसभरात जे जे घडेल ते घडेल त्या क्रमाने कीर्दीत जायचे. तेल उधार गेले, गूळ आला, हमालास पैसे दिले; कशाची निवड नाही, कशाचा क्रम नाही. रात्री दुकान बंद झाल्यावर कंदिलाच्या उजेडात वडील ती कीर्द खतावीत. म्हणजे प्रत्येक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर नेऊन मांडीत आणि शेजारी कीर्दीचे पान लिहीत. कीर्द नसेल तर काही विसरते आणि खतावणी नसेल तर काही सापडत नाही. कोणाकडे किती येणे आहे, हे नुसत्या कीर्दीवरून सांगावयाचे म्हटले, तर वर्षाची पाने उलटावी लागतील.

माझ्या एकोणीस वह्या म्हणजे एकोणीस वर्षांची नुसती कीर्द होती. खतावणी एकही नव्हती. त्या पोस्टातल्या काकांचेही तेच झाले होते. आणि मला वाटते, ज्यांना टिपून ठेवण्याची सवय आहे अशा बहुतेकांचे हेच होते. आपण गोळा करतो, पण खतावीत नाही.

म्हणून माझा पहिला नियम असा, की दोन वह्या कराव्यात. एक लहान, खिशात किंवा पिशवीत मावणारी. तीत वाचता वाचता जे भावले, पटले, खटकले, ते तारखेनिशी लिहावे. ही कीर्द. दुसरी मोठी, जाड पुठ्ठ्याची. तिची पहिली आठ पाने अनुक्रमणिकेसाठी कोरी सोडावीत आणि पुढे एकेका विषयाला चार-चार पाने द्यावीत: आरोग्य, शेती, पाणी, मुलांचे शिक्षण, घराण्याची माहिती, संतवाङ्मय, ज्याची जी आवड असेल त्याप्रमाणे. ही खतावणी. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी चहा झाल्यावर अर्धा तास, कीर्दीतल्या नोंदी खतावणीत न्याव्यात. संपूर्ण मजकूर पुन्हा उतरण्याचे कारण नाही. एका ओळीत आशय आणि कीर्दीचे पान, एवढे पुरे. या अर्ध्या तासात आणखी एक लाभ पदरी पडतो. आठवड्यापूर्वी जे फार मोलाचे वाटले होते, त्यातले निम्मे रविवारी फोल ठरते. ते तेथेच सोडून द्यावे. चाळण लागल्याशिवाय पीठ होत नाही.

खतावणीने काय साधते, ते एका अनुभवाने सांगतो. माझ्या खतावणीत 'पाणी' असे एक खाते आहे. त्यात एक नोंद महात्मा जोतीराव फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ सालच्या ग्रंथाची आहे. डोंगरउतारावर बांध घालून आणि तळी-तलाव करून पावसाचे पाणी व माती अडवावी, ही सूचना त्यांनी त्यात केली आहे. दुसरी नोंद सर विश्वेश्वरय्या यांची. पुण्याजवळ खडकवासला येथे १९०३ साली त्यांच्या योजनेचे स्वयंचलित दरवाजे बसविले गेले आणि धरणाची उंची न वाढविता अधिक पाणी साठविण्याची सोय झाली. तिसरी नोंद १९७२ च्या दुष्काळाची. त्या वेळी मी पंधरा वर्षांचा होतो आणि आमची आजी रात्री दोन वाजता उठून विहिरीच्या तळाशी साचलेले पाणी वाटीने भरीत असे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ही तीन टिपणे तीन निरनिराळ्या सालच्या वह्यांत एकमेकांपासून दूर पडली होती. एका खात्यावर आली त्या दिवशी ती एकमेकांशी बोलू लागली. त्यांच्यावरून मी सातवीच्या मुलांना जो धडा दिला, तसा धडा मला पाठ्यपुस्तकावरून कधी देता आला नव्हता. थेंबे थेंबे तळे साचे हे खरे. पण त्या थेंबांना वाहून येण्यासाठी उतार द्यावा लागतो.

दुसरा नियम अधिक महत्त्वाचा आहे आणि तो मी माझ्या फजितीतून शिकलो. आमच्या शाळेत फळ्यावर रोज 'आजचा सुविचार' लिहिण्याची प्रथा होती. ते काम वर्षानुवर्षे माझ्याकडे होते. १९९४ साली एके दिवशी मी एक सुंदर वाक्य लिहिले आणि त्याखाली एका थोर पुरुषाचे नाव घातले. प्रार्थना संपल्यावर सातवीतील एक मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "गुरुजी, हे त्यांच्या कोणत्या पुस्तकात आहे? मला ते सगळे वाचायचे आहे." मी म्हटले, "उद्या सांगतो." घरी जाऊन वह्या धुंडाळल्या. वाक्य सापडले. खाली त्या थोर पुरुषाचे नावही होते. पण पुस्तकाचे नाव नव्हते, पान नव्हते, काहीच नव्हते. पंधरा दिवस शोधले. वाचनालयात जाऊन त्यांचे ग्रंथ चाळले. ते वाक्य मला कोठेही आढळले नाही. बहुधा मी ते एखाद्या दिनदर्शिकेच्या मागील बाजूवरून उतरून घेतले असावे. मी त्या मुलीला सांगितले, "बाळ, मला ठाऊक नाही. ते वाक्य त्यांचे आहे असे मी यापुढे म्हणणार नाही." पण त्याआधी पाच-सहा वर्षे मी तेच वाक्य त्याच नावाने शेकडो मुलांच्या वह्यांत उतरविले होते. ती मुले आता कर्ती झाली आहेत आणि आपापल्या मुलांना तेच सांगत असतील. शिक्षकाची चूक शाळा सुटली तरी सुटत नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक टिपणाखाली चार गोष्टी लिहितो: ग्रंथकाराचे नाव, ग्रंथाचे नाव, आवृत्तीचे साल आणि पान. ऐकलेली गोष्ट असेल तर सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि दिवस. शिवाय समासात एक अक्षर घालतो. मूळचे शब्द जसेच्या तसे घेतले असतील तर 'अ', म्हणजे अवतरण. माझ्या शब्दांत आशय दिला असेल तर 'सा', म्हणजे सारांश. आणि वाचताना मला स्वतःला काही सुचले असेल तर 'म', म्हणजे माझे मत. ही तीन अक्षरे क्षुल्लक वाटतात. पण दहा वर्षांनी वही उघडल्यावर कोणते वाक्य ग्रंथकाराचे आणि कोणते आपले, हे आपल्यालाच सांगता येत नाही. मग नकळत दुसऱ्याचा माल आपल्या दुकानात लागतो, किंवा आपला खोटा माल दुसऱ्याच्या नावावर खपतो. दोन्ही गोष्टी अप्रामाणिकपणाच्याच.

नोंद मोठ्या प्रमाणावर कशी ठेवतात, याचे एक उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृत भाषेच्या महाकोशाचे काम सुरू झाले. प्रत्येक शब्द कोणत्या ग्रंथात, कोणत्या अर्थाने, कसकसा येत गेला, हे त्यात दाखवावयाचे होते. त्यासाठी विद्वानांनी सुमारे दीड हजार ग्रंथ वाचले आणि एकेका शब्दाची एकेक चिठ्ठी केली. चिठ्ठीवर शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य आणि ग्रंथातील नेमके स्थळ. अशा चिठ्ठ्यांची संख्या सुमारे एक कोटीपर्यंत गेली. त्या अक्षरानुक्रमे खणांत लावल्या आहेत. महाकोशाचा पहिला भाग १९७६ साली निघाला. त्यानंतर तिसांहून अधिक भाग निघाले आणि तरीही काम वर्णमालेच्या आरंभापाशीच आहे. ज्यांनी पहिल्या चिठ्ठ्या लिहिल्या त्यांतील कितीतरी जण आज हयात नाहीत. तरी आजचा अभ्यासक त्यांच्या चिठ्ठीवरून काम पुढे नेतो, कारण चिठ्ठी दुसऱ्याला कळेल अशी लिहिलेली आहे.

याच्या उलट अनुभव विलायतेतला. ऑक्सफर्डच्या इंग्रजी महाकोशाचे काम १८७९ साली जेम्स मरे यांच्या हाती आले. देशोदेशीचे हौशी वाचक चिठ्ठ्या लिहून पाठवीत आणि अशा पन्नास लाखांवर चिठ्ठ्या जमल्या. परंतु मरे यांच्यापूर्वी ज्या ज्या मदतनिसांकडे एकेक अक्षर सोपविले होते, त्यांच्याकडून चिठ्ठ्या परत मिळविताना त्यांच्या नाकी नऊ आले. इंग्रजी 'पी' आणि 'ए' या दोन अक्षरांनी सुरू होणाऱ्या शब्दांच्या चिठ्ठ्या आयर्लंडमध्ये एका तबेल्यात सापडल्या आणि तोवर त्यांतल्या पुष्कळशा जाळ पेटविण्याच्या कामी आल्या होत्या. हे वाचले तेव्हा मला आमच्या गावच्या रद्दीच्या गाडीची आठवण झाली. पळसाला पाने तीनच!

तिसरा नियम डार्विनकडून घेतला आहे. उत्क्रांतितत्त्वाचा हा प्रणेता आपल्या आत्मचरित्रात सांगतो, की तो विषयवार तीस ते चाळीस मोठे दप्तरखाने ठेवीत असे आणि स्वतःच्या मालकीच्या ग्रंथाच्या शेवटी उपयोगी गोष्टींची लहानशी सूची करून ठेवीत असे. एवढ्यावरच तो थांबत नाही. आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी गोष्ट आढळली, की ती तत्क्षणी टिपून ठेवावयाची, असा त्याचा दंडक होता. कारण अनुभवाने त्याला कळले होते, की अनुकूल गोष्टी मनात राहतात आणि प्रतिकूल गोष्टी लवकर निसटतात. बंधुभगिनींनो, हा नियम आपण सर्वांनी मनावर घेण्यासारखा आहे. आपण वाचताना जे आपल्याला पटते त्याखाली रेघ ओढतो. म्हणजे पुस्तकात आपण स्वतःचाच चेहरा पाहतो. माझ्या खतावणीत 'न पटलेले' असे एक खाते आहे. त्यातल्या सात-आठ गोष्टी आज मला पटलेल्या आहेत. टिपून ठेवल्या नसत्या, तर माझे मत बदलले हेदेखील मला कळले नसते.

रेघांचा विषय निघाला म्हणून सांगतो. पुस्तक आपले असेल तर पेन्सिलीने, आणि तीही बारीक, रेघ ओढावी, शाईने नव्हे. पुस्तक वाचनालयाचे असेल तर त्यावर रेघ ओढणे हा अपराध आहे. आपली रेघ पुढच्या वाचकाचा डोळा धरून ओढते आणि त्याला स्वतःच्या नजरेने वाचू देत नाही. अशा वेळी कागदाची पट्टी पानात घालावी, तीवर पान आणि ओळ लिहावी आणि पुस्तक परत करण्यापूर्वी ती नोंद वहीत न्यावी. आणखी एक गोष्ट. रेघ म्हणजे टिपण नव्हे. रेघ ही नुसती 'येथे परत या' अशी खूण आहे. परत आलोच नाही तर ती व्यर्थ. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ मुले-मुली हल्ली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. त्यांची पुस्तके मी पाहिली आहेत. पानभर पिवळा, गुलाबी, हिरवा रंग! सगळेच महत्त्वाचे ठरले म्हणजे काहीच महत्त्वाचे राहत नाही. त्यांना माझे सांगणे, की प्रथम प्रकरण संपूर्ण वाचा. मग पुस्तक मिटवा. आठवेल ते स्वतःच्या शब्दांत लिहा. आणि मगच पुस्तक उघडून ताडून पाहा. जे आठवले नाही तेच टिपा. हा मार्ग सावकाशीचा आहे, पण मुक्कामास नेणारा आहे.

काही तरुण मंडळी मला म्हणतील, "गुरुजी, आता वह्या कशाला? मोबाईलवर पानाचा फोटो काढला की झाले." मी मोबाईलचा शत्रू नाही. माझ्या नातीने मलाही तो शिकविला आहे. पुस्तके वाचण्याची जी यंत्रे निघाली आहेत, त्यांत आपण रेघ ओढलेली वाक्ये आपोआप एका जागी जमा होतात, ही सोय खरोखर मोठी आहे. परंतु ती वाक्ये जमा होणे ही कीर्दच झाली. खतावणी आपणच करावयाची असते. आणि फोटोचे म्हणाल, तर लग्नाच्या फोटोंत आणि सुप्रभातच्या संदेशांत तो कोठे गडप होतो, हे ज्याचे त्याला ठाऊक. म्हणून मोबाईलवर टिपणारांनीही तेच नियम पाळावेत: मजकुराला विषयाचे नाव द्यावे, ग्रंथ आणि पान लिहावे आणि सर्व टिपणांची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. शिवाय कुलूप उघडण्याचा संकेतशब्द घरातील एका तरी विश्वासू माणसाला ठाऊक असावा. वही निदान रद्दीवाल्याला तरी उघडता येते. कुलूपबंद मोबाईल पोटच्या मुलालाही उघडता येत नाही.

आता भगिनींसाठी दोन शब्द. टिपण म्हणजे पुस्तकातलेच, असे मुळीच नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे कार्य हाती घेतले आणि एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदले आणि विषयवार त्यांची विभागणी केली. ज्या बायांना कोणी कधी काही विचारले नव्हते, त्यांची नावे अशा रीतीने कायमची राहिली. आपल्याही घरी आजीच्या तोंडी ओव्या आहेत, बाळंतिणीच्या काढ्याची प्रमाणे आहेत, लोणच्याचे मीठ किती हे आहे, कोणत्या सणाला कोणाच्या घरून काय येई हे आहे. आजी आहे तोवर विचारून घ्या. वरती तिचे नाव घाला. माझी आजी गेली तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि मला वही-पेन्सिल दोन्ही वापरता येत होती. तरी मी तिची एकही ओवी लिहून घेतली नाही. पुढे शेकडो पुस्तकांतून टिपणे काढली. घरातले पुस्तक मात्र न वाचताच मिटू दिले.

वह्यांची निगा हा शेवटचा मुद्दा. स्वस्त कागद लवकर पिवळा पडून तुटतो, म्हणून खतावणीची वही तरी चांगल्या कागदाची घ्यावी. समर्थांनी सांगितल्याप्रमाणे चारी बाजूंस जागा सोडावी. लोखंडी कपाट असेल तर उत्तम. नसेल तर भिंतीला न चिकटलेली फळी. सुती कापडात बांधून ठेवाव्यात आणि पावसाळा संपला की दसऱ्याच्या सुमारास सावलीत वारा द्यावा. म्हणजे कसर आणि वाळवी यांची वेळीच दखल घेता येते. प्रत्येक वहीच्या पुठ्ठ्यावर आपले नाव, साल आणि 'ही वही टाकू नये. हीत अमुक माहिती आहे' अशी एक ओळ ठळक अक्षरांत चिकटवावी. त्या पोस्टातल्या काकांनी एवढी एकच ओळ लिहिली असती, तर आपल्या ज्ञातीच्या चौदा वह्या आज आपल्यापाशी असत्या.

सभ्य स्त्री-पुरुषहो, विषयाच्या आरंभी मी म्हटले, की याच्याशी आपल्या घरांचे हित निगडित आहे. ज्या समाजाचा इतिहास राजदरबारी लिहिला गेला नाही, त्याचा इतिहास असतो तो अशाच वह्यांत, पत्रांत आणि हिशेबांच्या चोपड्यांत. आपले आजोबा कोण होते, त्यांनी काय सोसले, कोणत्या पुस्तकाने त्यांना उभारी दिली, हे आपल्या नातवंडांना कोण सांगणार? दुसरे कोणी ते लिहून ठेवणार नाही. हे काम आपले आहे आणि ते आजच करण्याचे आहे, कारण दर वर्षी या सभागृहातल्या पुढच्या रांगेतील दोन-तीन खुर्च्या रिकाम्या होतात.

म्हणून माझी मंडळाला एक नम्र सूचना आहे. वसतिगृहाच्या वाचनालयात एक कपाट टिपणांसाठी राखून ठेवावे. ज्या कुटुंबास आपल्या वडिलांच्या वह्या, चोपड्या, पत्रे सांभाळणे शक्य नसेल, त्याने त्या रद्दीत न देता तेथे द्याव्यात. वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी सुटीत त्यांची यादी करावी. त्या निमित्ताने त्यांनाही आपल्या मागील पिढीचे अक्षर वाचता येईल. आरंभ म्हणून मी माझ्या एकतीस वह्या, त्यांच्या चार खतावण्यांसह, मंडळाच्या स्वाधीन करावयास तयार आहे. त्यांत फार मोठे ज्ञान आहे असा माझा दावा नाही. एका प्राथमिक शिक्षकाने काय वाचले आणि त्याला काय कळले, एवढेच त्यांत आहे. कित्येक ठिकाणी चुकाही असतील. पण कोणती गोष्ट कोठून घेतली हे लिहिलेले असल्यामुळे चूक कोठे झाली ते पुढच्या माणसाला शोधून काढता येईल. सातवीतल्या त्या मुलीला मी जे उत्तर देऊ शकलो नाही, ते निदान पुढच्या विचारणाराला त्या वह्या देतील.

येत्या पाडव्याला आपल्यापैकी काही जण दुकानाच्या नव्या वह्यांची पूजा करतील. त्या दिवशी प्रत्येक घरात आणखी एक कोरी वही आणावी, तिच्यावर कुंकवाचे बोट ओढावे आणि पहिल्या पानावर घरातील सर्वांत वृद्ध माणसाने सांगितलेली एक गोष्ट, त्याच्या नावानिशी आणि तारखेनिशी, लिहावी. एवढे झाले तरी माझे आजचे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.